पैसा येतो, पण हप्त्यानं

संशोधनाचा सरकारी पैसा पुण्याच्या पुढं सरकतच नाही, असं एकानं लिहिलंय. सरकतो की! आमचं जालन्यात छोटं वर्कशॉप आहे. सोयाबीनचं टरफल लई नाजूक, पेरताना बी फुटतं. म्हणून बीबीएफ यंत्राची (रुंद वरंबा-सरी पाडून पेरणारं यंत्र) बियाण्याची चकती बदलायचा प्रकल्प एका कॉलेजासोबत घेतला होता. पहिला हप्ता आला. दुसरा अडकला उपयोगिता प्रमाणपत्रावर (पैसा ठरल्या कामालाच लागला, याचा दाखला), कारण आमच्या लेथवाल्याचं कच्चं बिल त्यांच्या अकाउंट सेक्शनला चालेना. तोवर मृग गेला, चाचणी गेली पुढच्या वर्षावर. पेरणी काय फायलीसाठी थांबते होय?

आता केंद्र सरकारच्या संशोधनासाठीच्या त्या १ लाख कोटींबद्दल. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केलेली आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोपक्रम) योजना म्हणजे अनुदान नव्हे. कमी किंवा शून्य व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज, काही ठिकाणी भागभांडवल, तेही कल्पना प्रयोगशाळेत चालून दाखवल्यावर. नुसती कल्पनाच असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेची 'बिग' योजना बघा, ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. मात्र विषय जैवतंत्रज्ञानाशी जोडलेला हवा.

आणि पेटंट कुणाच्या नावावर, ते करारात आधी लिहून घ्या. आम्ही चहावर ठरवलं होतं.