मदत हवी आहे: आख्खी आर्मी पांढरी पडली, शनिवारी पुण्यात सामने आहेत!!

टीव्हीसेंटर_टेम्पलर · बुधवार, 17 सप्टेंबर, सकाळी 9:40
लोकहो अर्जंट आहे. वॉरहॅमर 40,000 या टेबलावरच्या खेळातले माझे प्लास्टिकचे छोटे शिपाई, ब्लॅक टेम्पलर्स, 2000 पॉइंट, चार महिने रोज रात्री जेवण झालं की बसून रंगवलेत. रविवारी मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि आता बघतो तर सगळे पांढरे, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायलेत. शनिवारी पुण्यात तीन राउंड आहेत, शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय. रंग काढून परत करायला वेळ नाही. काय करू? आणि कृपया कोणी 'प्राइमर (रंगाखालचा पहिला हात) कोणता' विचारू नका, प्राइमर बरोबर आहे.

रंगारी_परभणी · 9:52
प्राइमर कोणता? स्प्रे कोणता, कुठं मारला, किती वाजता, पाऊस होता का? फोटो टाक.

टीव्हीसेंटर_टेम्पलर · 9:58
सांगितलं ना बरोबर आहे. काळा. स्प्रे हार्डवेअरच्या दुकानातला क्लिअर मॅट, गच्चीवर मारला, पाऊस नव्हता. फोटो अपलोड होईना, साइज मोठी आहे म्हणतंय.

नांदेडी_ऑर्क · 10:10
झालं मग, कळलं. पाऊस नव्हता म्हणजे हवा कोरडी होती असं नाही ना भाऊ. सप्टेंबरात आपल्याकडं गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल दोन दिवस वाळत नाही आणि तू मॅट मारलास. स्प्रेचं सॉल्व्हंट उडताना हवा गार होते, त्यात दमट हवेतलं पाणी वार्निशमध्ये अडकतं आणि धुकं धरतं. म्हणून मी स्प्रेला हातच लावत नाही, सगळं ब्रशनं. लोक हसतात पण माझे ऑर्क अजून हिरवेच आहेत.

रंगारी_परभणी · 10:17
ब्रशनं 40 मॉडेलना वार्निश करायला तुझ्यासारखा रिकामा वेळ लागतो. स्प्रेत काही वाईट नाही, वेळ बघून मारायचा. उलट आमच्याकडं मे महिन्यात खरी मजा असते. पारा 43 ला असला की फवारा मॉडेलपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि अंगावर रेती पेरल्यासारखा खरखरीत थर बसतो. मी मेमध्ये पहाटे साडेपाचला उठून मारतो, कॅन आधी थंड पाण्याच्या बादलीत ठेवायचा. आई म्हणते हा पूजेला उठला का काय.

नांदेडी_ऑर्क · 10:21
मे महिन्याचं कोणी विचारलंय का

लातूर_हातोडा · 10:35
तेल लाव. परदेशात लोक ऑलिव्ह ऑइल लावतात, धुकं जातं, मी स्वतः करून बघितलंय पण ऑलिव्ह कामून घ्यायचं, आपलं करडईचं घे. शेंगदाण्याचं अजिबात नको, ते कधीच वाळत नाही, चिकट राहतं. करडईचं हळूहळू का होईना वाळतं, ऑइल पेंटमधल्या पांढऱ्या रंगात हेच तेल वापरतात. कापसाच्या बोळ्यानं एकदम पातळ हात फिरव, जास्तीचं पुसून घे.

नांदेडी_ऑर्क · 10:41
आणि ते हळूहळू म्हणजे किती? त्याचा सामना शनिवारी आहे, पुढच्या दिवाळीत नाही. वर परत मॅट मारला तर तेलावर पकड घेणार नाही, आणि पुण्याला जाईपर्यंत बॅगेतली सगळी धूळ टेम्पलरांना चिकटंल.

लातूर_हातोडा · 10:44
करून बघितलंयस का तू? मी बघितलंय. माझं ड्रेडनॉटचं मॉडेल दोन वर्षं झाली तसंच आहे.

टीव्हीसेंटर_टेम्पलर · 10:50
तेलाबिलाचं नंतर भांडा राव. मंगळवारी सकाळी डबा उघडला तेव्हा दिसलं, तेव्हापासून हात-पाय गळालेत. आज मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी आहे म्हणून निदान वेळ तरी मिळतोय, झेंडावंदनाहून आलो ते थेट इथं लिहायला बसलो.

सिडको_एन7 · 10:58
भाऊ मी नवीन आहे, थ्रीडी प्रिंट केलेली आर्मी सामन्यात चालते का?

नांदेडी_ऑर्क · 11:03
हा खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धेत नाही. बाकीकडं आयोजकाला विचार. वेगळा धागा काढ.

असईकर · 11:15
विषय निघालाच आहे म्हणून. एवढा जीव तोडून अंतराळातले शिपाई रंगवता, आपल्याच जिल्ह्याशेजारी असईचं रणांगण आहे त्याचं काय? येत्या मंगळवारी 23 सप्टेंबर. 1803 साली याच दिवशी इंग्रज सेनापती वेलस्लीनं साडेचार हजारांच्या आसपास माणसं घेऊन शिंदे-भोसल्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेवर चाल केली, त्यांच्या 98 तोफा हिसकावून नेल्या. तो नदी पार करायला उताराची जागा शोधत होता, वाटाडे म्हणाले इथं उतार नाही. त्यानं नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं बघितली आणि म्हणाला दोन गावं अशी वसली म्हणजे मधून जायला वाट असणारच. वाट होती. टेबलावर हा निर्णय कसा खेळवायचा सांगा बघू, फाशाच्या कुठल्या नियमात बसतो? डीबीए या जुन्या लढायांच्या टेबलखेळाच्या नियमांवर चार संध्याकाळी लागतील, 12-12 तुकड्या, दोन फुटी मेज, खर्च तुमच्या एका लँड रेडर रणगाड्याएवढा.

रंगारी_परभणी · 11:22
काका डीबीए इ.स. 1500 पर्यंतच्या लढायांसाठी आहे. 1803 त्यात बसत नाही.

असईकर · 11:26
घरचे नियम करता येतात. पालखेड करू मग, 1728.

रंगारी_परभणी · 11:27
तेही 1500 नंतरच आहे काका.

टीव्हीसेंटर_टेम्पलर · 11:30
🙏🙏 माझी आर्मी पांढरी पडलीय हो

निळीशाई · 11:48
मी हा खेळ खेळत नाही, माझा भाऊ खेळतो, त्यानं लिंक पाठवली. एक विचारू का? तुम्ही डबा म्हणालात. डबा कसला? स्प्रे मारल्यावर डब्यात कशाला ठेवलं?

टीव्हीसेंटर_टेम्पलर · 11:55
मिठाईचा पत्र्याचा मोठा डबा आहे ताई, बसमध्ये मॉडेल हलू नयेत म्हणून. बेसखाली, म्हणजे मॉडेलच्या पायाखालच्या चकतीखाली, मॅग्नेट लावलेत, ते पत्र्याला धरतात. सगळेच असं करतात.

निळीशाई · 11:57
मॅग्नेट कशानं चिकटवले? कधी?

टीव्हीसेंटर_टेम्पलर · 12:01
सोमवारी रात्री, सुपर ग्लूनं, अजून कशानं चिकटवणार. 37 बेस होते, सात-आठ ट्यूबा संपल्या. लगेच झाकण लावून ठेवलं, घरात लहान पुतण्या आहे. पण त्याचा काय संबंध, ग्लू खालून लावलाय, पांढरं वर आलंय.

नांदेडी_ऑर्क · 12:03
अरे देवा

निळीशाई · 12:09
डब्यात जे मावलं नसेल असं एखादं मोठं मॉडेल आहे का, ज्याला तोच स्प्रे त्याच वेळी मारलाय?

टीव्हीसेंटर_टेम्पलर · 12:16
लँड रेडर आहे. कपाटावर होता. आत्ता बघितलं, तो एकदम ठीक आहे. काळाकुट्ट.

निळीशाई · 12:25
मग स्प्रेचा दोष नाही. मी फॉरेन्सिकला शिकते, आमच्या लॅबमध्ये हेच मुद्दाम करतात. वस्तू बंद पेटीत ठेवायची, सुपर ग्लूचे थेंब गरम करायचे, पेटीत पाण्याचा ओलावा ठेवायचा. ग्लूची वाफ उठते, ओलाव्यानं ती घट्ट होते आणि पांढरी होऊन बसते, बोटांच्या घामाच्या रेघांवर तर जास्तच. मग ठसे दिसायला लागतात. तुम्ही गरम केलं नाही, पण सात-आठ ट्यूबा, बंद झाकण आणि रात्रभराचा वेळ, पुरेसं आहे. पांढरं पायाशी आणि बेसच्या कडेला जास्त आहे का? आणि उजेडात तिरकं धरून बघा, कुठं ठसा उमटलाय का.

टीव्हीसेंटर_टेम्पलर · 12:41
पायाशी जास्त आहे. आणि ताई खरंच, एम्परर्स चॅम्पियन नावाच्या वीराच्या काळ्या झग्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे. आख्खा. भोवऱ्यासकट. मधोमध एक चीर पण दिसायली, गेल्या महिन्यात स्प्रू (मॉडेलचे सुटे भाग येतात ती प्लास्टिकची चौकट) कापताना ब्लेडनं कापलं होतं ती. त्या रात्री चिवडा खात चिकटवत बसलो होतो, तेलकट हात. मला हसावं का रडावं कळना.

लातूर_हातोडा · 12:44
चिवडा शेंगदाण्याच्या तेलातला असेल. करडईत तळला असता तर,

निळीशाई · 12:50
हा थर अॅसिटोनमध्ये विरघळतो पण तुमचं प्लास्टिक आणि रंगही विरघळेल, म्हणून नेलपेंट रिमूव्हर किंवा थिनर चुकूनही लावू नका. रंग वाचवून कसं काढायचं ते मला माहीत नाही, रंगवणाऱ्यांनी सांगावं.

रंगारी_परभणी · 13:05
आता सोपं आहे. हे काढायचंच नाही, झाकायचं. रंग गेलेला नाही, वर बारीक कण बसलेत आणि त्यावर उजेड विखुरतो म्हणून पांढरं दिसतं. आधी कोरड्या मऊ मेकअप ब्रशनं झटक, सुटं असेल तेवढं जाईल. मग बोट पाण्यात बुडवून एका मॉडेलला लाव. ओलं असेपर्यंत काळं दिसलं, तर तुझं काम झालं: पाण्यानं कणांमधल्या फटी भरल्या, तेच काम अॅक्रिलिक ग्लॉस वार्निश कायमचं करतं. ब्रशनं पातळ हात दे, पाण्याचं असतं, तासाभरात हात लावण्याइतकं वाळतं. चमक नको असेल तर वरून ब्रशचाच मॅट. बोअरचं पाणी वापरू नको, आमच्याकडं त्यानं वाळल्यावर वेगळेच पांढरे डाग पडतात, प्यायचं फिल्टरचं घे. आणि डबा उघडा ठेवून पंख्याखाली ठेव, अजून वास येत असेल.

नांदेडी_ऑर्क · 13:08
ब्रशनं. 37 मॉडेल. नोंद घ्यावी.

रंगारी_परभणी · 13:09
गप रे

सिडको_एन7 · 13:20
मग पांढरे असले तर 10 गुण जातात का?

नांदेडी_ऑर्क · 13:26
हा बरा प्रश्न आहे. 10 गुण बॅटल रेडीचे आहेत, 100 पैकी. सगळं अंग रंगवलेलं आणि बेस झालेला असला की मिळतात, धुक्यामुळं कोणी कापणार नाही. म्हणजे काही नाही जमलं तरी गुणांसाठी रडू नकोस, दिसण्यासाठी रड.

टीव्हीसेंटर_टेम्पलर · 18:30
वास येतोय अजून, डबा उघडा ठेवलाय. बोट लावून बघितलं, काळं झालं!! औरंगपुऱ्यात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात ग्लॉस मिळालं, 100 मिली. एकावर मारलं, चमकतंय पण काळं आहे. आता पुतण्याला झोपवून बसतो.

असईकर · 20:10
चांगलं झालं. मंगळवारी येणार का कोणी असईला? गाडीत दोन जागा आहेत.

टीव्हीसेंटर_टेम्पलर · शुक्रवार, 19 सप्टेंबर, रात्री 10:55
बसमध्ये आहे. 31 झाले, सहा राहिले, ते मागच्या रांगेत ठेवीन. चॅम्पियनच्या झग्यावर ग्लॉसचे दोन हात दिले, तिरका उजेड पडला की चिरेची रेघ अजून थोडी दिसते. निळीशाई ताई, भावाला सांगा त्याला माझ्याकडून चहा. वास राहू नये म्हणून झाकण थोडं उघडं ठेवून डबा मांडीवर घेतलाय. शेजारचे आजोबा दोनदा विचारून झालेत, पेढे कुठले, आपल्या इथलेच का?