पॅकेज टाकलं आणि जावाला क्लास सापडेना

जावाशिकाऊ: बिल.जावामध्ये वर 'पॅकेज दुकान' लिहिलं. कंपाइल झालं, पण दुकान फोल्डरमधून 'जावा बिल' चालवलं की 'राँग नेम' (चुकीचं नाव) असा एरर! फाईल तर समोरच आहे.

काळंटर्मिनल: एक फोल्डर वर ये आणि 'जावा दुकान.बिल' चालव. नावातला टिंब म्हणजे फोल्डर. क्लासपाथ (जावा क्लास जिथे शोधते ती जागा) दुकानपर्यंत नाही, त्याच्या बाहेरपर्यंतच द्यायचा.

जावाशिकाऊ: चाललं दादा! पण डेटाबेसची जार (क्लास फाइलींचा गठ्ठा) 'सीपी'ने, म्हणजे क्लासपाथ द्यायच्या पर्यायाने, जोडली आणि परत क्लास गायब.

काळंटर्मिनल: होणारच. सीपी दिलंस की चालू फोल्डर आपोआप धरत नाही. जारसोबत टिंबही (म्हणजे चालू फोल्डर) दे. मध्ये विंडोजवर अर्धविराम, लिनक्सवर कोलन.

जुनाखोड: क्लासपाथमध्ये 'लिब/*' (लिब फोल्डरमधलं सगळं) दिलंस तर फक्त जार उचलतो, सुट्या क्लास फाइली नाही. आणि एन्व्हायर्नमेंटमधलं (सिस्टिमच्या सेटिंगमधलं) क्लासपाथ व्हेरिएबल काढूनच टाक, नसता ताप.