गांजा तर होताच, आता गावात एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) आली. पुतण्याले कसं बाहेर काढू?

आर्णीकडचा शेतकरी
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडं गाव हाये माझं, नाव लिहत नाही, पोट्टे ओळखतीन. आमच्या लहानपणी देवळामागं दोन-चार म्हातारे चिलीम ओढत बसायचे, पण लेकरांना तिकडं फिरकू देत नव्हते. आता सोळा-सतराचे पोट्टे रात्री कॅनॉलवर मोबाईलचा टॉर्च लावून बसून राहतात. गांजाची पुडी ओळखीनं भेटते हे सगळ्या गावाले माहीत, दिवाळीपासून मात्र एमडी हा शब्द ऐकू येऊन राहिला. माझा पुतण्या 19 वर्षाचा, बारावीनंतर घरीच, ट्रॅक्टर चालवते. तीन-तीन रात्री झोपत नाही मग दोन दिवस उठतच नाही, गाल आत गेले, कापसाचे आलेले अकरा हजार पेटीतून गेले आणि वहिनी म्हणते मीच कुठं ठेवले असतीन. तिले समजते, बोलत नाही. दोन गोष्टी विचारतो. हे आमच्यासारख्या आडगावात पोचते कसं? आणि पोलिसात गेलो तर आमचंच पोट्टं आत जाईन का? भाऊ म्हणते गप राहा, इज्जत जाईन.

जुना ड्रायव्हर, नागपूर
भाऊ, मी 22 वर्ष ट्रक चालवला, रायपूर-नागपूर-अकोला. गांजाचा रस्ता येगळा, एमडीचा येगळा. गांजा बहुतेक ओडिशाच्या मलकानगिरी-कोरापूटचा नाहीतर विशाखापट्टणमच्या मागच्या पहाडातला. एक लाईन छत्तीसगडमधून 53 नंबरच्या हायवेनं देवरी, साकोली, भंडारा करत नागपूरले, दुसरी तेलंगणातून आदिलाबादवरून 44 नंबरनं, ते तर तुमच्या पांढरकवड्यावरूनच जाते. रेल्वेतही येते, बॅग सीटखाली ठेवून माणूस दुसऱ्या डब्यात बसते, पकडली तर बॅग बेवारस. नागपुरात चारही दिशेच्या गाड्या येतात म्हणून माल इथं फुटते आणि मंग मोटरसायकलनं तालुक्याले जाते. काही ठिकाणी तुरीच्या मधातच झाडं लावलेली सापडतात, धुऱ्यावरून दिसत नाही.
एमडी हे केमिकल हाये, फॅक्टरीत बनते. फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्याजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीत शेकडो किलो धरली होती. खिशात मावते, गांजासारखा वास सुटत नाही, म्हणून खेड्यात नेणं सोपं. ढाब्यावर जागं राहायची पुडी म्हणून पोरांना पहिली फुकटच देतात. माझा क्लीनर तसाच लागला, 24 वर्षाचा होता, आता घरच्यांना ओळखत नाही. फुकट देणारा कोण हे आधी शोधा भाऊ.

तालुका कोर्टातला वकील
दादा, घाबरू नका पण उशीरही करू नका. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात 64अ कलम आहे, कमी प्रमाणातला माल किंवा नुसतं सेवन एवढंच प्रकरण असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही, उपचार पूर्ण करावे लागतात. कमी प्रमाण म्हणजे गांजा 1 किलोपर्यंत, एमडी फक्त 2 ग्रॅम. आणि एमडी 50 ग्रॅमच्या वर गेली की कमीत कमी 10 वर्षं. म्हणून पुतण्याला एक गोष्ट बजावा, मित्राची पुडी "जरा धर" म्हणून खिशात ठेवायची नाही, पोचवायची तर अजिबात नाही. पोरं पिण्यासाठी अडकत नाहीत इतकी पोचवण्यात अडकतात, माझ्याकडं आलेल्या आईबापांचं रडणं याच एका गोष्टीवरून असतं.

आशाताई, चंद्रपूर
दादा, आमच्याकडं 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती, 2021 मध्ये उठली. त्या काळात आमच्या गावातल्या ज्या पोरांनी बाहेरून बाटल्या आणायचं काम धरलं त्यातलेच दोघं आता पुड्या पोचवतात, रस्ते आणि गिऱ्हाईक त्यांना आयतेच भेटले. तुमच्याकडंही पाहा, हे काम नवीन माणूस करत नसते. आणि दारूले हलकं समजू नका, 2019 च्या केंद्राच्या सर्व्हेत देशात दारू पिणारे 14.6 टक्के आणि गांजा-भांग-चरस मिळून 2.8 टक्के निघाले होते. आमच्या पोरांचं तर तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापासूनच सुरू होते.
पुतण्याले मारू नका, कोंडू नका. पावडर सुटली की पोरगं खूप झोपते, चिडते, कोणी मागं लागलंय म्हणते, कधी जीव द्यायचं बोलते, तेव्हा एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घरातून काढून ठेवा, हे तर आजच करा. 14446 ही नशामुक्तीची हेल्पलाईन हाये, फुकट हाये. विकणाऱ्याची खबर द्यायची तर 1933.

आर्णीकडचा शेतकरी
ताई, फवारणीचं औषध ट्रॅक्टरच्या शेडमध्येच होतं, आताच काढून शेजाऱ्याकडं ठेवलं. काल वहिनीसमोर वकील साहेबाचं वाचून दाखवलं, ते पहिल्यांदा रडली आन् पैशाचं खरं बोलली. पोट्टं म्हणे गुरुवारी येतो, पण बाबा नको, काकाच पाहिजे. यवतमाळच्या सरकारी मेडिकलले नेतो. तिथं मानसिकवाल्या डॉक्टरची ओपीडी रोज राहते का, कोणाले माहीत हाये का?

जुना ड्रायव्हर, नागपूर
सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा, चिठ्ठी काढाले गर्दी होते. पोराचं आधार कार्ड घ्या आन् रस्त्यात त्याले मित्राचा फोन आला तर उचलू देऊ नका.