मदत हवी आहे: उपग्रहाचा अल्बेडो आणि खांबावर मोजलेला अल्बेडो जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

गवताळ जमिनीवर २ मीटर उंचीच्या खांबावर दोन पायरानोमीटर (सूर्यप्रकाश मोजणारे सेन्सर) बसवलेत. एकाचं तोंड आकाशाकडे, दुसऱ्याचं जमिनीकडे. परत येणारा प्रकाश भागिले पडणारा प्रकाश, असा अल्बेडो दर दहा मिनिटांनी काढतो. दिवसाची सरासरी ०.२५ येते. मोडिस या उपग्रहावरच्या सेन्सरच्या एमसीडी४३ए३ या अल्बेडो-माहितीसंचात त्याच जागेचा शॉर्टवेव्ह (म्हणजे जवळपास सगळ्या सूर्यप्रकाशाचा) ब्लॅक-स्काय (फक्त थेट किरणांचा) अल्बेडो ०.१६ आहे. तीन आठवडे रोज हेच चाललंय.

उपग्रहाच्या कच्च्या आकड्यांना ०.००१ ने गुणलंय. ३२७६७ म्हणजे माहिती नाही, ते आकडे काढून टाकलेत (आधी राहून गेले होते, एका दिवसाचा अल्बेडो ३२.७६७ दिसला तेव्हा कळलं). काचेचे घुमट रोज पुसतो, दोन्ही सेन्सर पाणसळ लावून समपातळीत आणलेत.

उपग्रहाचा आकडा १६ दिवसांच्या निरीक्षणांतून काढतात हे ठाऊक आहे, पण एवढ्यात गवत फारसं बदललेलं नाही. माझं मोजमाप चुकतंय की तुलनाच चुकतेय? फार दिवस अडलोय, कृपया सांगा.

प्रतिसाद:
मोजमाप ठीक वाटतंय. ब्लॅक-स्काय आकडा स्थानिक मध्यान्हीच्या सूर्याचा, तोही फक्त थेट किरणांपुरता. सूर्य कलला की अल्बेडो वाढतो आणि तुम्ही गुणोत्तरांची सरासरी घेतल्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या क्षीण उजेडालाही भर दुपारइतकंच वजन मिळालं. निरभ्र दिवसाची फक्त मध्यान्हीची नोंद घ्या. पसरून येणाऱ्या प्रकाशाचा वाटा जितका, तितका व्हाइट-स्काय (फक्त पसरलेल्या प्रकाशाचा अल्बेडो) उपग्रहाच्या ब्लॅक-स्काय आकड्यात मिसळा. त्याच माहितीसंचातला क्वालिटीचा (आकडा किती भरवशाचा ते सांगणारा) थरही बघा, ० म्हणजे चांगला दर्जा असलेलेच दिवस ठेवा. आणि मुख्य म्हणजे २ मीटरवरचा सेन्सर जेमतेम वीसेक मीटर त्रिज्येची जमीन बघतो, उपग्रहाचा पिक्सेल ५०० मीटरचा आहे. त्यात गवताखेरीज काय आहे?

धागाकर्ता:
मनापासून आभार! मध्यान्हीची नोंद ०.२१ निघाली, म्हणजे बराच फरक तिथेच मिटला. सेंटिनेल-२ या उपग्रहाचं १० मीटरच्या पिक्सेलचं चित्र उघडलं, तर मोडिसच्या पिक्सेलचा जवळजवळ निम्मा भाग गर्द झाडीचा आहे, आणि ती गवतापेक्षा कमी प्रकाश परतवते. खांबाजवळ उभं राहिलं की ती झाडी मला दिसते, पण हिशेबात घ्यायचं सुचलं नव्हतं. आता झाडी आणि गवत वेगळं मोजायचंय. सेंटिनेल-२ च्या सुट्या पट्ट्यांवरून (वेगवेगळ्या तरंगलांबींच्या मोजमापांवरून) पूर्ण शॉर्टवेव्ह अल्बेडो काढायची सूत्रं कुणी स्वतः वापरली आहेत का?