नखांचे पदर सुटतायत, काय करू?

रियाज_चालू
दोन वर्षं झाली, हातांच्या नखांना टोकाकडून पदर सुटतात, जुन्या वहीच्या पानाच्या कडेसारखे. मी बोटांनी गिटार वाजवते, त्यामुळे उजव्या हाताची नखं थोडी वाढलेली लागतातच. काल अनामिकेचं नख तारेत अडकलं आणि टवकाच उडाला. घरच्या घरी होण्यासारखं सांगा, महागडं नको. आणि नखं कापून टाका, असं कृपया सांगू नका.

मोरपीस७
बायोटिन (ब जीवनसत्त्वातलं एक) सुरू करा. मी परदेशी गोळी घेतेय, १० मिलिग्रॅमची, वर्ष झालं. महाग आहे, पण नखं लोखंडासारखी झालीत.

आडवाट
कॅल्शियम कमी पडतंय. नखांवर पांढरे ठिपके आहेत का बघा.

गवतफूल
आडवाट, नखात कॅल्शियम नगण्य असतं. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं, त्याला कडकपणा येतो तो मुख्यतः त्यातल्या गंधकाच्या बंधांमुळे. पांढरे ठिपके बहुतेकदा नख कुठेतरी आपटल्याचे असतात.
ताई, आधी पायाची नखं बघा. ती धड असतील आणि हातांचीच सुटत असतील, तर बहुधा पाण्याचा मार आहे. भिजलं की नख फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसभर हेच चाललं की थर एकमेकांना सोडतात. हात किती वेळा भिजतात ते एक दिवस मोजा.

आडवाट
माझ्या आईला कॅल्शियमनेच गुण आला. अनुभव आहे माझा.

निळी_शाई
नखं कडक करणारं पॉलिश मात्र घेऊ नका. मला पहिले तीन आठवडे छान वाटलं, मग नख काचेसारखं तडकायला लागलं. त्यात फॉर्मल्डिहाइड होतं, त्याने नखाचा लवचिकपणाच जातो. सरळ कापून टाका नखं.

चकोर
रक्त तपासा. माझी नखं मोडायची, जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही खाली निघाले. थायरॉइडही बघून घ्या. मोरपीस, तुम्ही बायोटिन घेताय हे तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

मोरपीस७
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! माझी थायरॉइडची तपासणी पुढच्याच आठवड्यात आहे. आजच फोन करते.

आडवाट
रक्तात कॅल्शियमही बघा.

रियाज_चालू
पायाची नखं ठणठणीत आहेत. रक्त चार महिन्यांपूर्वीच तपासलं, सगळं ठीक होतं. आज हात मोजले. भांडी, कपडे, बाळाची अंघोळ... दुपारीच वीसच्या पुढे गेले, मग मोजणं सोडलं.

गवतफूल
मग कारण सापडलं. पाण्याच्या कामाला रबरी हातमोजे, आत सुती. रात्री हात पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपा आणि लगेच पेट्रोलियम जेली चोळा, नखाच्या मुळाशी आणि टोकाच्या खालूनही. कानस एकाच दिशेने फिरवा, पुढेमागे नाही. ॲसिटोनचं रिमूव्हर बंद. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहा महिने. पंधरा दिवसांत फरक शोधू नका.

निळी_शाई
सहा महिने थांबायचंच असेल तर कापून टाका की! नखांवरच्या जेल पॉलिशच्या नादी मात्र लागू नका. माझ्या बहिणीने ते सोलून काढलं, नखाचा वरचा थरच निघून आला.

रियाज_चालू
हातमोजे आजच आणले, जेलीही सुरू करते. पण कार्यक्रम दीड महिन्यावर आहे. अनामिका आणि मधलं बोट, दोन्हींवर जेल लावून घेणार आहे. तुमचं पटतंय, पण ती तार मला नखानेच छेडायची आहे. कार्यक्रम झाला की सगळी नखं कापेन.

गवतफूल
ठीक आहे, दोनच बोटं आहेत. फक्त ते खरवडून किंवा ओढून काढू नका. जेलचा वरचा थर हलका कानसून, ॲसिटोनचा बोळा दहा-पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा, आपोआप सुटेल. आणि त्या रात्री जेली दुप्पट लावा.