होचंक भाषेत बी दोन बोल्या? मंग शिकवाची कोणती?

पोडावरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी झरी-जामणी तालुक्यात एका पोडावर, म्हंजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, शिकवतो. कोलामी मले मोडकीतोडकी येते, पोट्ट्यायकडूनच शिकलो. वर्गात लावाले कोलामी शब्दायचा तक्ता करून रायलो होतो तं दोन पोडांवरचे पोट्टे भांडाले लागले, एक म्हणे असं नसते गुर्जी, दुसरं म्हणे आमची आजी असंच म्हणते, शेवटी मी खडूच खाली ठेवला. रात्री मोबाईलवर अशा लहान भाषायबद्दल वाचत होतो तं अमेरिकेतली होचंक सापडली. जन्मापासून बोलणारे आता मोजकेच उरले, त्यात बी बहुतेक म्हातारे, अन् तरी विस्कॉन्सिनची बोली येगळी नेब्रास्काची येगळी म्हणतात. मले हेच समजून नाई रायलं बावा, एवढ्याशा भाषेत दोन बोल्या कशा, अन् ते लोक पोराले शिकवताना कोणती धरतात? कोणाले माहीत असन तं सांगा. विकिपीडियाची लिंक नका टाकू, ते वाचलं.

बोरगावचा_बंड्या
गुर्जी त्यात काय नवल, पुस्तकात डोळा, आमच्याकडे डोया, अन् झाडीपट्टीत माही मामी डोरा म्हणते. एकाच घरच्या लग्नात तीन डोळे 😂 पण होचंकचं मले काई माहीत नाई, मी आपला वाचाले बसलो.

नागपूरवाली_ताई
मास्तर, मी भाषाशास्त्रात एमए केलंय आणि या भाषेवर तेव्हा थोडं वाचलं होतं, म्हणून जरा लांब लिहिते.

ती भाषा आपोआप नाही फाटली, माणसं हाकलली तिथं फाटली. हे लोक मूळचे विस्कॉन्सिनचे. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८३७ च्या तहात त्यांना वाटलं की जमीन सोडायला आठ वर्षं आहेत, कागदावर होते आठ महिने. आणि सह्या करायला गेलेल्यांना जमीन विकायचा अधिकारच नव्हता. मग आयोवा, तिथून मिनेसोटा, मिनेसोटातही एकदा जागा बदलली, १८६३ मध्ये तिथूनही उचलून डाकोटातल्या क्रो क्रीकला नेलं. तिथं उपासमार, रोगराई, खूप लोक मेले. जे जगले ते मिसूरी नदीनं खाली पळाले आणि ओमाहा नावाच्या दुसऱ्या जमातीच्या आश्रयाला गेले, त्यांच्याच जमिनीतून १८६५ मध्ये नेब्रास्कात यांना रिझर्वेशन, म्हणजे जमातीसाठी राखीव जमीन, मिळालं. पण सगळे गेले नव्हतेच. काही जण विस्कॉन्सिनच्या जंगलातच लपून राहिले, काही परत परत माघारी आले. १८७३-७४ च्या हिवाळ्यात सैनिकांनी त्यांना पकडून पुन्हा नेब्रास्कात नेऊन टाकलं, तरी त्यातले कितीतरी परत गेले! म्हणजे तुमच्या त्या दोन बोल्या साधारण दीडशे वर्षांच्या, आणि मध्ये शेकडो मैल.

फरक म्हणाल तर एकमेकांचं कळतं. काही शब्द, थोडा हेल. मुख्य हाडं दोन्हीकडे तीच. एक गंमत सांगते, आपल्याकडे म्हातारी माणसं प्रकाशला परकास म्हणतात ना, जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालतात, होचंकमध्ये तो नियमच आहे, फक्त तिथं पुढचा स्वर उचलून मागं टाकतात. म्हणजे ‘हिप्रेस’ व्हायला हवं तिथं ‘हिपेरेस’ म्हणतात, अर्थ जाणणं, ठाऊक असणं. याला डॉर्सीचा नियम म्हणतात. हा नियम नेब्रास्कातही आहे आणि विस्कॉन्सिनमध्येही, पण त्यांची सख्खी बहीण म्हणावी अशी चिवेरे भाषा, तिच्यात नाही.

क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. आणि एखादी गोष्ट चालू आहे असं सांगताना करणारा बसलाय, उभा आहे की आडवा आहे ते क्रियापदालाच चिकटतं. आपण ‘रडत बसलाय’, ‘लोळत पडलाय’ म्हणतो तसं, पण आपण हौसेनं म्हणतो, त्यांच्या व्याकरणात ते बसलेलंच आहे.

बोरगावचा_बंड्या
ताई हे भारीच 👌 म्हंजे आमचं ‘करून रायला’ तिकडे ‘करून बसला’, ‘करून उभा रायला’. त्यायची नावं कशी असतात वो?

नागपूरवाली_ताई
मुलांना जन्माच्या क्रमानं ठरलेली नावं असतात. पहिला मुलगा कुनू, दुसरा हेनू. तिसऱ्याचं नाव इथं लिहीत नाही, तुम्ही लोक दोन दिवस हसत बसाल. पहिली मुलगी हिनू, दुसरी विहा. आणि या लोकांना विनेबागोही म्हणतात, ते नाव शेजाऱ्यांनी दिलेलं, अर्थ घाण वासाच्या पाण्याकाठचे लोक असा काहीसा. स्वतःला ते होचंक म्हणतात, मोठा आवाज किंवा पवित्र आवाज. विस्कॉन्सिनवाल्यांनी १९९४ मध्ये अधिकृत नाव बदलून हो-चंक नेशन केलं, नेब्रास्कावाल्यांचं कागदोपत्री अजून विनेबागोच आहे.

पोडावरचा_मास्तर
कोलामायचं बी तसंच ताई, सोताले कोलावर म्हणतात, कोलाम आपण म्हणतो. पण माहा दुसरा प्रश्न रायलाच, शिकवतात कोणती?

नागपूरवाली_ताई
हो, तेच राहिलं. ज्याची त्याची. विस्कॉन्सिनमध्ये मॉस्टन गावात त्यांचा भाषा विभाग आहे, तो तिथल्या म्हाताऱ्यांची बोली धरतो. नेब्रास्कात विनेबागो गावात लिटल प्रीस्ट नावाचं जमातीचं कॉलेज आहे, तिथं तिथली. मला विचाराल तर हेच बरोबर आहे, कारण शिकवणारे इतके थोडे की जी आजी समोर बसली आहे तिला ‘तुमचा शब्द चुकीचा’ म्हणून चालणारच नाही, ती उठून गेली तर उरलं काय? आणि लिहायचं त्यांना नवीन नाही. १८८० च्या दशकात त्यांनी शेजारच्या फॉक्स लोकांकडून एक अक्षरमाला उचलली, तिच्यात पत्रं लिहायचे, मानववंशशास्त्रज्ञांनाही त्याच अक्षरांत कहाण्या लिहून दिल्या. प्रमाण कोणतं म्हणून कुणी थांबलं नाही.

कोरकू_पोरगा
मध्येच बोलतो, माफ करा. आमचं गाव मेळघाटातून उठवून खाली अकोटकडे आणलं, मी तेव्हा लहान होतो. वर राहिलेली मावशी फोनवर बोलते तेव्हा म्हणते तुमची कोरकू मराठीसारखी वाजते. आमच्यात तर वीस वर्षंही नाही झाली. ताईंनी आठ महिन्यांचं लिहिलं ते आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली आपल्याला तरी ट्रॅक्टर दिला होता सामानाला.

पोडावरचा_मास्तर
आईले नमस्कार सांग बाप्पा.

ताई, लय उपकार. मंग मी असं करतो, तक्त्यावर एका चित्राखाली दोन्ही शब्द लिहितो, अन् कोणत्या पोडाचा ते बी. पोट्टे तं म्हणून रायले की आजीचं नाव बी लिहा गुर्जी. चित्र लहान काढा लागन मंग.

बोरगावचा_बंड्या
फोटो टाकजा गुर्जी. अन् ताई, ते तिसऱ्या पोराचं नाव मले पर्सनलवर सांगा.