सर्जरीचं पोस्टर आणि पाडव्याचं टेबल

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमाची माहिती वेगळ्या मेलने येईल (वड्यांची ऑर्डर किती द्यायची यावर अजून एकमत नाही). हा मेल दुसऱ्याच कारणासाठी.

आपल्या हॉलजवळच्या सर्जरीच्या (इथे इंग्लंडात जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) पेशंट ग्रुपवर मी बसतो. तिथून दर महिन्याला जनजागृतीचं काही ना काही येतं. जानेवारीत गर्भाशयमुखाचा कर्करोग, जूनमध्ये मधुमेह, ऑक्टोबरात सिगारेट सोडा, नोव्हेंबरात पुरुषांच्या आरोग्यासाठी वाढवायच्या मिशा. मी ते इमानेइतबारे यादीवर पाठवतो आणि तुम्ही तितक्याच इमानाने न उघडता पुसून टाकता. तक्रार नाही, वस्तुस्थिती सांगतोय.

एप्रिल हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा महिना. यंदा सर्जरीने नुसतं पोस्टर न पाठवता विचारलंय की पाडव्याच्या दिवशी हॉलमध्ये एक टेबल मिळेल का. नर्स येईल, ज्याला हवं त्याचं बीपी बघेल, आणि पन्नाशी उलटलेल्यांच्या घरी पोस्टाने जे शौचतपासणीचं किट येतं ते कसं वापरायचं ते दाखवेल. प्रॅक्टिस मॅनेजर म्हणाल्या, दक्षिण आशियाई घरांतून ही किट परत येण्याचं प्रमाण कमी आहे आणि पोस्टर लावून त्यात काही फरक पडत नाही.

समितीत दोन मतं आहेत. तुमचं मत कळवा.

प्रेषक: श्रीकांत

सचिवसाहेब,

स्पष्टच लिहितो. वर्षाचा पहिला दिवस, गुढी उभारलेली, बायका नऊवारीत, पोरं लेझीम खेळतायत, आणि शेजारच्या टेबलावर शौचाची डबी? शिसारी येते. आरोग्याला माझा विरोध नाही, पण प्रत्येक गोष्टीला जागा असते.

दुसरं असं की, याच सर्जरीत सकाळी ८ला फोन लावला तर तुम्ही रांगेत बाविसावे, आणि तुमचा नंबर येईपर्यंत त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपलेल्या. ज्यांना आजारी माणूस बघायला वेळ नाही, ते धडधाकट माणसांना जागृत करायला हॉलपर्यंत येणार! आधी फोन उचला म्हणावं.

प्रेषक: अण्णा

चि. श्रीकांत,

फोनबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के खरं. शिसारीबद्दल मात्र मला हसू आलं. अरे, आपल्या माणसांइतकं पोटाबद्दल मोकळेपणी बोलणारी दुसरी जमात मी या देशात पाहिली नाही. मागच्या कोजागरीला आम्ही पाच-सहा म्हातारे कोपऱ्यात बसलो होतो ते काय मसाला दुधावर चर्चा करत होतो? इसबगोल गरम पाण्यातून की दुधातून, त्रिफळा रात्री की पहाटे, एरंडेल आता कुणी घेतं का! भारतातून कुणी येणार म्हटलं की चूर्णाची बाटली मागवणारे तुझ्याच ओळखीचे आहेत, नावं घेत नाही. ज्या विषयावर आपण एकमेकांशी तासभर बोलतो, त्यावर प्रयोगशाळेला फक्त काडीभर माहिती द्यायची आहे, तर लगेच सोवळं?

आता थोडं गंभीर. रक्त दिसलं की आपल्याकडे दोनच निदानं असतात. मूळव्याध, नाहीतर उष्णता. मग सब्जा, ताक, तिखट बंद, आणि महिनाभर वाट बघायची. थांबलं की "बघ, उष्णताच होती." माझा पुण्यातला एक मित्र असाच वर्षभर वाट बघत राहिला. मूळव्याध त्याला होतीच, खोटं नव्हतं. पण तिच्या आडोशाला दुसरंही काही होतं. पुढचं लिहीत नाही.

माझं मत टेबलाच्या बाजूने. खुर्च्या मी लावतो.

प्रेषक: शुभांगी

अण्णा, तुमच्यामुळे धीर आला म्हणून लिहितेय. यांना विचारून लिहितेय, म्हणजे नंतर घरात महाभारत नको.

आमच्याकडे ते पाकीट मायक्रोवेव्हवर पडून होतं. त्याच्यावर टेस्कोच्या पावत्या, त्याच्यावर काउन्सिलचं पत्र. यांचं म्हणणं, "मला काही त्रास नाही, मग तपासायचं काय?" स्मरणपत्र आलं, तेही त्याच थप्पीत. शेवटी मी म्हटलं, करायचं नसेल तर तुमच्या हाताने कचऱ्यात टाका, मी टाकणार नाही. ते काही यांच्याच्याने झालं नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप करून पोस्टात टाकून आले.

उत्तर आलं की नमुन्यात रक्ताचा अंश आहे, पुढची तपासणी करायला हवी. डोळ्यांना काहीही दिसलं नव्हतं हो! ती चाचणी न दिसणारं रक्तच शोधते. नर्सने वेळ देऊन सगळं समजावलं आणि मग कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी. आतड्याच्या अस्तरावर दोन छोट्या गाठी होत्या, पॉलिप म्हणतात त्यांना. तिथल्या तिथे काढल्या. तपासणीत कर्करोग नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की सगळेच पॉलिप बिघडत नाहीत, पण मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा अशाच गाठीतून सुरू होतो आणि त्याला वर्षं लागतात. म्हणजे आमच्याकडे ती वर्षं हातात होती आणि आम्ही त्यांच्यावर पावत्या ठेवत होतो.

एक गोष्ट कुठल्याच पत्रकात नीट नव्हती म्हणून सांगते. कोलोनोस्कोपीआधी चोथा नसलेलं जेवायचं असतं. आमच्या पत्रकात चिकन, मासे, पांढरा ब्रेड असलं लिहिलेलं. आमचे हे पक्के शाकाहारी. पोळी बंद, वरण बंद, उसळ, पालेभाजी, काकडी, शेंगदाण्याचा कूट सगळं बंद. बियांचं काही चालत नाही, म्हणजे मोहरीची फोडणीसुद्धा नाही. मग पांढरा भात, दही, साल काढलेला उकडलेला बटाटा, पनीर यावर काढलं. लोहाच्या गोळ्या घेत असाल तर त्या आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. आणि मधुमेहाची औषधं असतील तर त्या विभागाला आधीच फोन करा, आपल्या मनाने गोळ्या चुकवू नका.

पोट साफ करायचं ते औषध म्हणजे लिंबू पिळलेलं समुद्राचं पाणी. त्या रात्री बाथरूम यांच्याकडे गहाण होतं. पण तपासणीचं हे एवढं घेऊन बसले होते, ती कधी संपली ते यांना कळलंही नाही. गुंगीचं इंजेक्शन घेतलं तर घरी न्यायला कुणीतरी लागतं, एकटं सोडत नाहीत.

प्रेषक: केतकी

शुभांगीताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मी फार्मसीत काम करते, काउंटरवर रोज हेच प्रश्न येतात, म्हणून थोडी भर घालते.

श्रीकांतदादा, तुमच्या फोनच्या रागाला एक उत्तर आहे. या किटसाठी सर्जरीला फोन करावाच लागत नाही. किट सर्जरी पाठवतच नाही. आपल्या मिडलंड्स भागाची किट रग्बी गावातल्या केंद्रातून येतात आणि भरलेली डबी पोस्टानेच परत जाते, टपालखर्च आपला नाही. इंग्लंडमध्ये वय ५० ते ७४, दर दोन वर्षांनी. पत्ता मात्र ते सर्जरीच्या नोंदीवरूनच घेतात. म्हणजे घर बदललं आणि जीपीकडे कळवलं नाही, तर तुमचं किट जुन्या घरी जात असणार. आपल्यातल्या कितीजणांनी मुलांच्या शाळेसाठी घरं बदलली ते मोजा.

७५ पूर्ण झाली की आपोआप येणं बंद होतं, पण मागितलं तर मिळतं. मोफत हेल्पलाइन आहे, ०८०० ७०७ ६० ६०. अण्णा, हे तुमच्यासाठी.

करायला दोन मिनिटं लागतात. पाण्याला लागण्याआधी नमुना झेलायचा, कुठल्याही स्वच्छ टाकाऊ डब्यात किंवा टॉयलेट पेपरच्या जाड घडीवर. झाकणाला जोडलेली काडी त्यावरून फिरवायची, तिच्या खाचा भरल्या की पुरे. डबी बंद, वर तारीख, पाकिटात. जास्त भरू नका. कष्टाने डबी गच्च भरून पाठवणारे लोक आहेत, आणि बंद केलेली डबी "नीट लागलंय ना" म्हणून पुन्हा उघडणारेही आहेत. दोन्ही करू नका. तारीख लिहायची विसरलात तर सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. किट हे ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी आहे. शौचातून रक्त, तीन आठवड्यांहून जास्त दिवस बदललेली सवय, विनाकारण उतरणारं वजन, यातलं काही असेल तर किटची वाट बघत बसू नका, जीपीकडे जा. गेल्या वर्षीचं किट स्वच्छ आलं होतं तरीही जा. वय ३५ असलं तरी जा.

बीपीबद्दल: ४० च्या पुढच्यांचं बीपी बऱ्याच फार्मसींत फुकट तपासतात, अपॉइंटमेंट लागतेच असं नाही. दवाखान्यात १४०/९० आणि घरी मोजताना १३५/८५ च्या वर राहिलं तर पुढे बघायला हवं. आणि नर्स वजनकाटा आणणार असेल तर भिंतीवरचा तो रंगीत तक्ता बघून खूश होऊ नका. त्यात जास्त वजन बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ पासून सुरू होतं. आपल्या वंशाच्या लोकांसाठी तो आकडा २३ धरतात, कारण आपल्याला मधुमेह कमी वजनावरच गाठतो. पोटाच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. टेप लावून बघा, पँटचा नंबर सांगू नका. पँट पोटाच्या खाली बांधतात सगळे.

प्रेषक: अमेय

नमस्कार, मी यादीवर नवीन आहे, ऑगस्टमध्ये नागपूरहून आलो. आईबाबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे येतायत, बाबा ६६चे आहेत. त्यांना हे किट मिळेल का? आणि टेबलावर त्यांनी यायचं की नाही?

प्रेषक: केतकी

अमेय, टेबलावर जरूर आण, बीपी बघायला कुणी पासपोर्ट मागत नाही. किट मात्र येईलच असं धरू नकोस, ते इथल्या जीपीकडे नोंद असलेल्यांना जातं.

पण एक माहीत असू दे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनाही जीपीचा सल्ला फुकट असतो. तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असतील तर तात्पुरते पेशंट म्हणून नोंद करता येते, सहा महिन्यांसाठी नेहमीसारखीच नोंदणी करून बघ. रिसेप्शनवर पत्त्याचा पुरावा मागतील. तो नसला तरी केवळ त्या कारणाने नोंदणी नाकारता येत नाही, हे शांतपणे सांग. अपघात विभागात तपासणीही फुकट. पैसे लागतात ते पुढे हॉस्पिटलात दाखल केलं किंवा तज्ज्ञाकडे पाठवलं तर, आणि तेव्हा एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट बिल येतं. तेव्हा आधीपासून असलेले आजार धरणारा प्रवासविमा घे, स्वस्त घेऊ नकोस. बाबांची तपासणी नागपुरातच उरकून आण, आणि औषधांची चिठ्ठी ब्रँडच्या नाही, मूळ औषधाच्या नावाने लिहून आण. इथल्या फार्मसिस्टला तिकडचे ब्रँड कळत नाहीत, आम्ही गूगल करत बसतो.

आईंना इंग्रजीत बोलायला अवघड वाटत असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषा माग. तो फुकट मिळतो. तू शेजारी बसलास की त्या काही गोष्टी सांगणारच नाहीत.

प्रेषक: श्रीकांत

ठीक आहे, ठीक आहे. टेबलाला माझी हरकत नाही, पण गुढीजवळ नको आणि जेवणाच्या रांगेत तर मुळीच नको. फोनबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतलेलं नाही, ते पेशंट ग्रुपच्या पुढच्या बैठकीत मांडलं जावं. लेखी.

केतकी, एक शंका. किटवर काहीतरी मुदत असते का? आमच्याकडे एक आहे, कधीचं ते बघायला हवं.

प्रेषक: केतकी

डबीवर तारीख छापलेली असते. उलटून गेली असेल तर वर दिलेल्या नंबरला फोन करा, नवीन पाठवतात. कारण विचारत नाहीत.

प्रेषक: सचिव

मंडळी, सतरा उत्तरं आली, त्यातली काही फक्त मला. वडे किती यावर एवढी आली नव्हती.

ठरलं ते असं. टेबल बाजूच्या छोट्या खोलीत, दार लोटून. बीपी चहा-जेवणाच्या आधी, कारण नर्सचं म्हणणं आहे की चहा घेऊन, जिना चढून, धापा टाकत मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. पाच मिनिटं गप्प बसायचं आहे. गप्प बसण्यासाठी खुर्च्या अण्णा लावतील. किट दाखवायचं ते रिकामं असेल, श्रीकांतने निर्धास्त राहावं. फोनचा मुद्दा मी लेखी मांडतोय. मसुदा उद्या त्याला पाठवतो, त्याने भाषा थोडी सौम्य करून परत द्यावी.

नर्ससोबत बायकांशी बोलायला एक मराठी बाई हवी. शुभांगीवहिनी, तुम्ही दुपारी दीड ते तीन मोकळ्या आहात का?

प्रेषक: शुभांगी

आहे. पण लेझीम अडीचला आहे ना, नात नाचणार आहे. अडीच ते पावणेतीन दुसरं कुणीतरी बघा.